फेरलढतीचे भाकीत आणि वजनकाटा

रियाधमध्ये 20 डिसेंबर 2024 रोजी ब्रिटिश हेवीवेट मुष्टियोद्धा टायसन फ्युरी वजनकाट्यावर उभा राहिला आणि आकडा आला 281 पौंड. किलोंत सांगायचे तर 127 च्या थोडे वर. सात महिन्यांपूर्वी, 18 मे रोजी, याच शहरात युक्रेनच्या ओलेक्सांद्र उसिककडून हरला तेव्हा तो 262 पौंडांचा होता. मधे वाढलेल्या 19 पौंडांवर लढतीच्या आदल्या रात्री अनेकांनी आपापली भाकिते रचली. फ्युरी आता पायांवर नाचत बसणार नाही, उसिकच्या अंगावर रेलून त्याला दमवणार आणि मग झोपवणार, असा त्यांचा साधारण सूर होता.

इतर वजनगटांत आदल्या दिवशीचे वजन एवढेच सांगते की खेळाडू मर्यादेत बसला की नाही. हेवीवेट गटात 200 पौंडांच्या वर कितीही चालते. त्यामुळे तिथला आकडा हा खेळाडूने स्वतः निवडलेला असतो, निदान तसे मानले जाते. फेरलढतीत तर आधीच्या लढतीचा आकडा शेजारी ठेवता येतो. दोन आकड्यांची वजाबाकी केली की डावपेच कळले, असे वाटायला लागते. वजनावरून फेरलढत वाचण्याची ही सवय नव्याने पक्की होण्यात खुद्द फ्युरीचाच मोठा हात आहे.

लॉस एंजेलिसमध्ये 1 डिसेंबर 2018 रोजी डिऑन्टे वाइल्डरशी त्याची पहिली लढत बरोबरीत सुटली होती. त्या वेळी तो 256.5 पौंडांचा होता. सरकत, चकवत, लांबून जॅब, म्हणजे पुढच्या हाताचे सरळ ठोसे, मारत खेळला आणि शेवटच्या फेरीत जवळजवळ बेशुद्ध पडूनही उठला. फेरलढतीआधी त्याने प्रशिक्षक बेन डेव्हिसनला सोडले आणि शुगरहिल स्टीवर्डला आणले. डेट्रॉइटच्या क्रॉंक जिममधला हा माणूस म्हणजे नावाजलेले प्रशिक्षक इमॅन्युएल स्टीवर्ड यांचा पुतण्या. मी पुढे जाऊन मारणार, वाइल्डरला नॉकआउट करणार, असे फ्युरी उघडपणे सांगत होता. त्याच्या तोंडाला तसाही लगाम नसतो, त्यामुळे फारसे कोणी ते मनावर घेतले नाही. 22 फेब्रुवारी 2020 रोजी लास व्हेगासमध्ये तो 273 पौंडांनी उतरला, पहिल्या घंटेपासून पुढे चालत गेला आणि सातव्या फेरीत वाइल्डरच्या कोपऱ्यातून हार मानल्याचा टॉवेल आला. तेव्हापासून ‘फ्युरी जड झाला की मारायला येतो’ हे समीकरण रूढ झाले.

त्याच्या अडीचच महिने आधीच्या एका फेरलढतीत उलट्या दिशेचा पुरावाही मिळाला होता. 1 जून 2019 रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अँडी रुईझने अँथनी जोशुआला चार वेळा खाली पाडून सातव्या फेरीत संपवले. जोशुआचा ठरलेला प्रतिस्पर्धी जॅरेल मिलर उत्तेजक चाचणीत सापडल्यामुळे ऐनवेळी बोलावलेला हा बदली खेळाडू. जोशुआ तेव्हा 247 पौंडांच्या आसपास होता, रुईझ 268. सौदी अरेबियातल्या दिरियामध्ये 7 डिसेंबरला दोघे पुन्हा समोरासमोर आले तेव्हा जोशुआने दहा पौंड उतरवले होते आणि रुईझ 283 च्याही पुढे जाऊन पोचला होता. एकाने पराभवाचा अभ्यास केला होता, दुसऱ्याने विजयाच्या मेजवान्या झोडल्या होत्या. जोशुआ बारा फेऱ्या लांबून जॅब मारत राहिला आणि तीन परीक्षकांच्या गुणांवर 118-110, 118-110, 119-109 असा जिंकला. लढत कंटाळवाणी झाली, पण काट्याने आदल्या दिवशी सांगितलेले अक्षरशः खरे ठरले.

जिंकणारा सुटतो आणि हरणारा कसतो, हे त्याही आधीचे गणित. रॉबर्टो दुरानने 20 जून 1980 रोजी मॉन्ट्रियलमध्ये शुगर रे लेनर्डला पंधरा फेऱ्यांत हरवले. दुरान पनामाला परतला आणि जल्लोषात बुडाला. वजन अफाट वाढले. ते लेनर्डच्या कानावर गेले आणि त्याने फेरलढतीची घाई केली. पाचच महिन्यांत, 25 नोव्हेंबरला, न्यू ऑर्लीन्समध्ये दुरानला उभे राहावे लागले. वजनगटाच्या मर्यादेत तो बसला खरा, पण मोजक्या आठवड्यांत तेवढे वजन उतरवून. आठव्या फेरीत त्याने हात झटकले आणि पाठ फिरवली. ‘नो मास’, आता पुरे, हे शब्द त्याच्या नावाला कायमचे चिकटले. आपण ते उच्चारलेच नाहीत, असे तो पुढे सांगत राहिला. माझ्या मते या फेरलढतीचा निकाल रिंगमध्ये लागण्याआधीच तारीख ठरली तेव्हा लागला होता. भाकीत करणाऱ्याने आधी दोन लढतींमधले अंतर बघावे, मग बाकीचे.

हे अंतर आणि मुळात फेरलढत होणार की नाही, हे बहुधा करारात ठरते. जगज्जेता हरला तर त्याला लगेच परत संधी मिळेल, असे कलम आव्हानवीराकडून आधीच लिहून घेण्याची पद्धत जुनी आहे. वर्ल्ड बॉक्सिंग असोसिएशनचा या कलमाला विरोध होता. सनी लिस्टन आणि कॅशियस क्ले, म्हणजे नंतरचा मुहम्मद अली, यांनी फेरलढतीचे ठरवले तेव्हा या संघटनेने अलीचे जगज्जेतेपद काढून घेतले. ब्रिटनच्या लेनॉक्स लुईस या जगज्जेत्याला तर या कलमासाठी अमेरिकेत कोर्टाची पायरी चढावी लागली. हसीम रहमानने 22 एप्रिल 2001 रोजी दक्षिण आफ्रिकेत, जोहान्सबर्गजवळच्या ब्रॅकपानमध्ये, पाचव्या फेरीत एकाच ठोशात त्याला आडवे केले होते. लुईस आधी एका हॉलिवूडपटाच्या चित्रीकरणात रमला होता. समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून उंच असलेल्या त्या भागात तो उशिरा पोचला आणि लढला 253.5 पौंडांवर. कोर्टाने फेरलढत त्याच्या पदरात टाकली. 17 नोव्हेंबरला लास व्हेगासमध्ये 246.5 पौंडांचा लुईस चौथ्या फेरीत जिंकला. इथेही वजनाने खरेच सांगितले होते.

एवढे दाखले हाताशी असल्यावर काट्यावर विश्वास बसणारच. पण फेरलढतींच्या इतिहासातल्या सर्वांत गाजलेल्या जोडीकडे पाहिले की हा विश्वास डळमळतो. 19 जून 1936 रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगने तोवर अजिंक्य असलेल्या जो लुईला बाराव्या फेरीत नॉकआउट केले. लुईची आधीची लढत श्मेलिंगने रिंगजवळ बसून पाहिली होती आणि फिल्मही बारकाईने तपासली होती. जॅब मारून झाल्यावर लुईचा डावा हात खाली येतो, हे त्याने हेरले. त्या फटीतून त्याचा उजवा ठोसा रात्रभर आत जात राहिला. बरोबर दोन वर्षे आणि तीन दिवसांनी, 22 जून 1938 रोजी, त्याच मैदानावर सुमारे सत्तर हजार प्रेक्षकांसमोर लुईने त्याला 124 सेकंदांत संपवले. आता वजने बघा: लुई पहिल्यांदा 198 पौंड, दुसऱ्यांदा 198.75, श्मेलिंग 192 आणि 193. काटा हललाच नव्हता. मधल्या काळात लुई जगज्जेता झाला होता, जॅक ब्लॅकबर्न या प्रशिक्षकाने डाव्या हाताची खोड मोडली होती आणि श्मेलिंगला वाचायला वेळच मिळू नये म्हणून पहिल्या क्षणापासून तुटून पडायचे ठरले होते. लढतीभोवती नाझी जर्मनीचे राजकारण एवढे दाटले होते की ही तांत्रिक दुरुस्ती सहसा गोष्टीच्या तळाशी जाते. भाकिताच्या दृष्टीने मात्र तीच महत्त्वाची. पहिला पराभव एका दुरुस्त करता येण्याजोग्या चुकीतून आला होता.

जी चूक दुरुस्त होत नाही तिथे काय होते, त्याचे उदाहरण फ्लॉइड पॅटरसन. लिस्टनने त्याला 25 सप्टेंबर 1962 रोजी शिकागोत दोन मिनिटे सहा सेकंदांत हरवले. 22 जुलै 1963 ला लास व्हेगासमध्ये पुन्हा ये रे माझ्या मागल्या: दोन मिनिटे दहा सेकंद. दहा महिन्यांच्या तयारीतून पॅटरसनच्या हाती चार सेकंद लागले. गंमत अशी की हाच पॅटरसन 1960 मध्ये इंगेमार योहान्सनविरुद्धची फेरलढत जिंकून हेवीवेट जगज्जेतेपद परत मिळवणारा पहिला खेळाडू ठरला होता. पहिल्या लढतीत योहान्सनने त्याला सात वेळा पाडले होते. माणूस तोच, जिद्द तीच, फरक समोरच्याचा. योहान्सनचा उजवा ठोसा टाळायला शिकता येत होते, लिस्टनचा आकार आणि ताकद टाळायला शिकता येत नव्हते.

लिस्टनची स्वतःची कहाणी जुगाऱ्यांसाठी अधिक बोचरी आहे. फेब्रुवारी 1964 मध्ये मायामी बीचला सातास एक भावाने पसंतीचा म्हणून तो क्लेविरुद्ध उतरला आणि सातव्या फेरीला स्टुलावरून उठलाच नाही. एवढे होऊनही मे 1965 च्या फेरलढतीत पैसा लावणाऱ्यांची पसंती त्यालाच होती. मेन राज्यातल्या लुइस्टन या छोट्या गावात अडीच हजारांहूनही कमी प्रेक्षकांपुढे तो पहिल्याच फेरीत पडला; तो ठोसा खरा की खोटा, हा वाद आजही मिटलेला नाही. मोठ्या नावाचा पराभव हा अपघात होता, असे मानायला लोक फार लवकर तयार होतात. फ्युरीच्या बाबतीतही हे झाले, पण तिथे त्याला आकड्यांचा आधार होता.

मेमधल्या त्या लढतीत उसिक दोन विरुद्ध एक अशा निकालाने जिंकला होता: 115-112 आणि 114-113 त्याच्या बाजूने, 114-113 फ्युरीच्या बाजूने. चार संघटनांच्या चार पट्ट्यांच्या, म्हणजे जगज्जेतेपदांच्या, जमान्यातला हेवीवेटचा तो पहिला निर्विवाद जगज्जेता ठरला. मधल्या फेऱ्यांत फ्युरीने त्याला पोटात अपरकट मारून हैराण केले होते. नवव्या फेरीत उसिकच्या डाव्या हाताने चित्र पालटले. फ्युरी दोरांवर भेलकांडत राहिला आणि रेफरी मार्क नेल्सनने मोजणी सुरू केली, म्हणजे त्या फेरीत फ्युरीचा एक गुण जास्तीचा गेला. त्या मोजणीचा एक गुण काढून टाका, म्हणजे 114-113 चे उसिकच्या बाजूचे कार्ड (परीक्षकाचे गुणपत्रक) 114-114 होते आणि एक कार्ड इकडे, एक तिकडे, एक समान अशी बरोबरी उरते. अख्खे जगज्जेतेपद एका गुणावर टांगलेले होते. मग फ्युरीने एक फेरी सांभाळली तरी पुरे, हा तर्क निव्वळ नावाच्या दबदब्यातून आलेला नव्हता.

त्यात गुण देणाऱ्यांची भीतीही मिसळलेली असते. मार्च 1999 मध्ये लेनॉक्स लुईस आणि इव्हँडर होलिफिल्ड यांची लढत बरोबरीत दिली गेली तेव्हा गदारोळ उठला आणि नोव्हेंबरमधली फेरलढत लुईसने जिंकली. 2017 मध्ये कनेलो अल्वारेझ आणि गेनाडी गोलोव्हकिन यांच्या लढतीत एका परीक्षकाने कनेलोला 118-110 असे गुण दिले, आणि ती लढतही बरोबरीत सुटली. जिथे पहिला निकालच वादग्रस्त असतो, तिथे फेरलढतीचे भाकीत करणारा खेळाडूंइतकाच खुर्च्यांवर बसलेल्या तिघांचा अंदाज बांधत असतो. त्याला तंत्रज्ञानाचा उतारा म्हणून उसिक-फ्युरी फेरलढतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचे एक अनधिकृत कार्डही ठेवले होते.

उसिकच्या मागच्या पानांकडे मात्र फार थोड्यांनी पाहिले, असे मला वाटते. सप्टेंबर 2021 मध्ये लंडनला त्याने जोशुआला हरवले. ऑगस्ट 2022 मध्ये जेद्दाहला जोशुआ नवा प्रशिक्षक घेऊन आला आणि पहिल्या वेळेपेक्षा खरोखर चांगला खेळला. नवव्या फेरीत त्याने उसिकला पोटात मारून थांबवलेही. दहाव्या फेरीत उसिकने ठोशांची अशी झड लावली की जोशुआच्या सुधारणेला अर्थच उरला नाही. हरणारा बदलतो हे सगळे धरून चालतात. जिंकणाराही त्या पहिल्या बारा फेऱ्यांत तेवढेच शिकलेला असतो, हे हिशेबात येत नाही. दुरान आणि रुईझ यांनी ते शिकणे वाया घालवले, म्हणून ते आठवतात. क्रूझरवेट या हेवीवेटखालच्या गटातून वर आलेल्या डावखुऱ्या उसिकचा सगळा खेळच समोरच्याला वाचण्यावर उभा आहे आणि लढतींच्या मधे तो सुटत नाही.

21 डिसेंबरच्या रात्री फ्युरीचे जास्तीचे 19 पौंड फारसे कामी आले नाहीत. तो पुढे गेला तेव्हा उसिक आत शिरून डावा हात मारून बाहेर पडत होता, तो मागे राहिला तेव्हा गुण उसिकला जात होते. कोणी खाली पडले नाही. तिन्ही परीक्षकांनी एकच आकडा लिहिला, 116-112, म्हणजे आठ फेऱ्या उसिकच्या, चार फ्युरीच्या. यंत्राच्या अनधिकृत कार्डावर 118-112 होते. फ्युरीने निकाल मान्य केला नाही आणि जानेवारीत निवृत्ती जाहीर केली. त्याची ही काही पहिली निवृत्ती नव्हे.

पुढच्या जुलैत हाच प्रश्न पुन्हा विचारला गेला. डॅनियल दुबुआने ऑगस्ट 2023 मध्ये पोलंडमधल्या व्रोत्स्वाफला उसिकला पाचव्या फेरीत पाडले होते, पण रेफरीने तो ठोसा कमरेखालचा, म्हणजे नियमबाह्य, ठरवला आणि उसिकने नवव्या फेरीत लढत संपवली. दुबुआच्या बाजूला तोच ठोसा होता आणि शिवाय सप्टेंबर 2024 मध्ये जोशुआला पाच फेऱ्यांत लोळवल्याचा दाखला. 19 जुलै 2025 रोजी वेम्ब्लीवर उसिकने त्याला पाचव्या फेरीत दोनदा पाडले. दुसऱ्यांदा तो दहा मोजेपर्यंत उठला नाही.