घशातले दात आणि खवल्यांवरचा घास
कोल्हापूरच्या मासळी बाजारातून रोहू आणलात, तर त्याचे डोके न फोडता घ्या आणि तोंडात बोट फिरवून पाहा. जबड्यावर एकही दात लागत नाही. दात असतात ते कल्ल्यांच्या मागे, घशात. कोयत्यासारख्या वाकलेल्या दोन हाडांवर ते ओळीने बसलेले असतात आणि कवटीच्या तळाशी असलेल्या कठीण गादीवर अन्न भरडतात. ही हाडे म्हणजे मुळात कल्ल्यांचीच एक कमान. चावण्याचे काम घशाने उचलल्यामुळे तोंड इतर कामांना मोकळे झाले. म्हणूनच कटल्याचे तोंड वर वळून पृष्ठभागाजवळचे सूक्ष्मजीव टिपते, तर घाटातल्या ओढ्यांतला मळ्या डोक्याच्या खालच्या बाजूस असलेल्या तोंडाने दगडावरचे शेवाळ खरवडतो.

बहुतेक मासे भक्ष्य ओढून घेतात. तोंडाची पोकळी क्षणात फुगते, पाणी आत धावते आणि भक्ष्यही त्यासोबत येते. पण अन्न दुसऱ्या जिवंत माशाच्या अंगावरचे खवले असेल, तर नुसते ओढून भागत नाही. आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरातील खवलेखाऊ माशांपैकी काहींचे तोंड उजवीकडे, काहींचे डावीकडे वळलेले असते. उजव्या तोंडाचा मासा मागून येऊन भक्ष्याच्या डाव्या कुशीवर झडप घालतो.

मला याहून विलक्षण वाटतो तो बहामाजमधल्या सॅन साल्वाडोर बेटाच्या खारट तळ्यांतला बोटाएवढा खवलेखाऊ मासा. शेवाळ खाणाऱ्या पूर्वजांपासून तो गेल्या सुमारे 10,000 वर्षांत वेगळा झाला, म्हणजे उत्क्रांतीच्या हिशेबात कालपरवाच. त्याचा जबडा भाईबंदांपेक्षा कितीतरी लांब आहे, तेव्हा तो तोंडही तेवढेच मोठे उघडत असणार, असे कोणालाही वाटेल. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वेगवान कॅमेऱ्यांनी ते तर दाखवलेच, शिवाय आणखी एक गोष्ट दाखवली: झडप घालताना त्याचा आ इतरांच्या आ-च्या दुप्पट मोठा होतो, आणि खालचा जबडा ज्या हाडांना टांगलेला असतो त्यांच्याशी तो अधिक रुंद कोन करतो. संशोधकांनी माशांना जिलेटिनचे ठोकळे चावायला दिले आणि निघालेला तुकडा मोजला. मोठा आ आणि हा रुंद कोन यांचा मेळ जमला, की एका घासात सर्वाधिक जिलेटिन निघते, असे गणिताने दिसले. खवलेखाऊ माशाची हालचाल नेमकी त्या टप्प्याच्या जवळ होती. जबडा नुसता वाढून हे साधले नसते, तो कसा उघडायचा हेही सोबत बदलावे लागले.