नियोजित कालबाह्यता

वस्तू ठरावीक काळात निकामी व्हावी किंवा जुनाट वाटावी, अशा बेतानेच ती घडवणे म्हणजे नियोजित कालबाह्यता. गिऱ्हाइकाने लवकर पुन्हा खरेदी करावी, हा त्यामागचा हेतू.

याचा सर्वांत उघड दाखला विजेच्या बल्बचा आहे. डिसेंबर १९२४ मध्ये ओस्राम, फिलिप्स आदी उत्पादकांनी जिनिव्हात ‘फीबस’ संघ स्थापला आणि बल्बचे आयुष्य १००० तासांवर आणले. त्याआधी बरेच बल्ब १५०० ते २००० तास टिकत. कारखान्यांचे नमुने तपासले जात आणि बल्ब जास्त टिकला तर दंड होई. जास्त टिकणारा तारेचा बल्ब तेवढ्याच विजेत कमी उजेड देतो, हे खरेच आहे. पण टिकाऊपणाला दंड लावायला तेवढे कारण पुरत नाही.

एलईडी बल्बमध्ये हाच प्रश्न नव्या रूपात येतो. बंद पडलेल्या ९ वॉटच्या बल्बचा पांढरा घुमट काढला, तर पुष्कळदा एखाद्याच एलईडीवर काळा ठिपका दिसतो. बाकीचे धड असतात. पण सगळे एकामागून एक जोडलेले असल्याने एक तुटला की सगळे विझतात. खर्च वाचवायला थोड्याच एलईडींतून जास्त प्रवाह सोडला, की ते तापून लवकर जातात. आतला कपॅसिटरही (वीज क्षणभर साठवणारा भाग) उष्णतेने सुकतो. तापमान १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, म्हणून बंद काचेच्या शेडमध्ये बल्ब टिकत नाही.

भाग झिजतो, हा दोष नव्हे. मिक्सरची मोटर आणि भांडे जोडणारा रबरी कपलर मुद्दामच कच्चा ठेवलेला असतो: पाते अडकले की आधी तो तुटतो आणि मोटर वाचते. प्लग काढून, खालून मोटरचा दांडा धरून कपलर फिरवला की निघतो. बऱ्याच मिक्सरांत आटे उलटे असतात, तेवढे पाहावे. खोट आहे ती झिजणारा भाग बदलू न देण्यात. बऱ्याच मोबाइलची बॅटरी साधारण ५०० पूर्ण चार्जिंगनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांवर येते, हे बनवणाऱ्याला ठाऊक असते. तरीही ती डिंकाने चिकटवून वर काच बसवतात. काढताना काच तडकते आणि चालता फोन भंगारात जातो.

फ्रान्सने २०१५ मध्ये नियोजित कालबाह्यता हा गुन्हा ठरवला. भारतात डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ पोर्टल सुरू झाले. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणे आणि वाहने यांच्या दुरुस्तीची व सुट्या भागांची माहिती कंपन्यांनी त्यावर द्यायची असते. सुटा भाग किती किमतीला विकावा, यावर तिथे बंधन नाही.