कासच्या फुलांना ढग मानवतात

साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलं बघायला निघायच्या सकाळी आभाळ भरून आलेलं दिसलं की गाडीतले निम्मे लोक हिरमुसतात. "आज कसले फोटो येतायत!" मला मात्र अशा दिवशी हायसं वाटतं.

सूर्य केवढाही प्रचंड असो, पृथ्वीवरून तो आकाशाचा जेमतेम अर्धा अंश व्यापतो. म्हणजे फुलाच्या दृष्टीने तो एक बारीक, प्रखर दिवा. बारीक दिव्याची सावली धारदार पडते. 'सीतेची आसवं' या इवल्याशा जांभळ्या फुलाची सावली सेंटीमीटरभर खालच्या शेवाळावर पडली, तर तिच्या कडेला उजेडातून अंधारात जायला दशांश मिलिमीटरच लागतो. आपला डोळा हा फरक सांभाळून घेतो, कॅमेऱ्याचा सेन्सर नाही. पाकळी तरी पांढरीफटक पडते, नाहीतर शेजारचं हिरवं काळंठिक्कर होतं. गेंद या रानफुलाच्या पांढऱ्या गोंड्यांची नाजूक ठेवण तर पार पुसली जाते.

ढगातले पाण्याचे थेंब तोच प्रकाश चहूकडे विखुरतात आणि अख्खं आभाळच दिवा होऊन बसतं. सावल्या विरघळतात, रंग भरून येतात. भर उन्हात सुमारे १ लाख लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो, ढगाळ दुपारी १० ते २० हजार. एवढा मोबाईललाही पुरून उरतो.

आणि ऊन पडलंच तर? पिशवीत पांढरा पंचा ठेवा. मीटरभर रुंद पंचा दोघांनी फुलाच्या मीटरभर वर ताणून धरला की फुलाला ५० अंशांहून रुंद दिवा मिळतो, सूर्याच्या शंभरपट! काळी छत्री मात्र नको. तिच्या सावलीत फुलावर येतो तो निळ्या आभाळाचा उजेड, आणि फोटो निळसर पडतो. हे सगळं वाटेवर उभं राहूनच करायचं. २०१२ पासून जागतिक वारसा असलेल्या या पठारावर जांभ्यावर मातीचा थर अगदी पातळ आहे. एका फोटोसाठी टेकलेला गुडघा कितीतरी रोपं चिरडतो, आणि ते बघवत नाही.

माणसांचं सोपं आहे. ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य साताऱ्याच्या बरोबर डोक्यावर येतो, सप्टेंबरातही फारसा कललेला नसतो. म्हणून बाराच्या फोटोत डोळ्यांच्या जागी काळे खड्डे दिसतात. सावलीत उभं करा, झालं.

राहिली सकाळ. सूर्य क्षितिजाजवळ असतानाच्या सोनेरी उजेडाच्या वेळेला फोटोग्राफीत 'गोल्डन अवर' म्हणतात, पण आपल्याकडे तो तासभर टिकत नाही. सातारा विषुववृत्तापासून साडेसतरा अंशांवर, त्यामुळे सूर्य जवळजवळ सरळ वर चढतो. सप्टेंबरात क्षितिजापासून ६ अंश वर यायला त्याला २५ मिनिटं लागतात, लंडनमध्ये याच प्रवासाला ४० च्या आसपास. क्षितिजावरचे किरण डोक्यावरच्या सूर्यापेक्षा सुमारे ३८ पट हवा ओलांडून येतात. वाटेत निळा प्रकाश विखुरतो, उरतो तो केशरी. तिरप्या उजेडात अजिंक्यताऱ्याच्या तटाचा दगड न् दगड सुटा दिसतो.

कासवर मी ती २५ मिनिटं सूर्याकडे तोंड करून, तेरड्याच्या पलीकडून येणारा उजेड शोधण्यात घालवतो. मागून ऊन शिरलं की गुलाबी पाकळी आतून पेटल्यासारखी होते, आणि तिच्यातली एकेक शीर मोजता येते.