पोटातून मूत्राशयाकडे जाणारी नळी

भाची चौथीत आहे. तिला शाळेतून ‘संतुलित आहार’ या विषयावर तक्ता करून आणायला सांगितला होता. तक्त्याच्या मधोमध तिने माणसाचं पोट उघडून दाखवलं होतं. तोंडातून एक नळी पोटापर्यंत, आणि पोटातून पुढे दोन नळ्या. एक तपकिरी, एक निळी.

“ही जेवणाची आणि ही पाण्याची,” तिने समजावून सांगितलं.

“दोन कशाला?”

“मामा, एकच असेल तर सगळं एकत्र नाही का होणार? बाहेर येताना तर वेगवेगळं येतं!”

तर्कात खोट काढायला जागा नव्हती. बाहेर पडायचे रस्ते दोन, म्हणजे आतल्या नळ्याही दोन. जगभरात मुलांना शरीराचं चित्र काढायला सांगितलं की अनेक जण हेच चित्र काढतात. मोठ्यांना चित्र काढायला कोणी सांगत नाही म्हणून, नाहीतर बऱ्याच जणांच्या कागदावर तीच निळी नळी उमटेल.

तक्त्याच्या कडेने चौकटी होत्या. कर्बोदके: ऊर्जा. प्रथिने: वाढ. स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वे, खनिजे. आणि कोपऱ्यात उरलेल्या जागेत डोळे काढलेला एक हसरा ग्लास: ‘रोज आठ ग्लास पाणी प्या.’ पाण्याला कायम हीच जागा मिळते. त्यात कॅलरी नाहीत, जीवनसत्त्व नाही, म्हणून शेवटी ‘आणि हो, पाणीही प्या’.

माझा आक्षेप नळीपेक्षा या चौकटींवर जास्त आहे. चौकटी पाहून मूल समजतं की प्रत्येक पोषकद्रव्य आपापलं काम एकट्याने उरकतं. ते किती खोटं आहे हे बघायला पाण्याइतकं चांगलं उदाहरण नाही.

शरीरात पाणी ओढणारा पंप कुठेही नाही. हृदय रक्त ढकलतं ते वेगळं. पेशीच्या पातळीवर पाण्याचा रेणू पकडून पलीकडे नेणारं यंत्र सजीवांनी बनवलेलंच नाही. पाणी नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी मागे जातं, आणि बहुतेक वेळा तो दुसरा म्हणजे मीठ.

हे मुलांना सांगण्यापेक्षा दाखवावं. बटाट्याच्या एकाच जाडीच्या दोन चकत्या कापा. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दोन्हींचं वजन करून लिहून ठेवा. एक साध्या पाण्यात ठेवा, दुसरी दोन-तीन चमचे मीठ विरघळवलेल्या पाण्यात. दोन तासांनी साध्या पाण्यातली चकती कडक असते, वाकवली तर मोडते. मिठातली मऊ पडून रबरासारखी वाकते. का, असं विचारलं तर हमखास उत्तर येतं, ‘तिच्यात मीठ शिरलं.’ मग पुन्हा वजन करायचं. मिठातल्या चकतीचं वजन घटलेलं असतं. काही शिरलं असतं तर वजन वाढलं असतं. इथे पाणी बाहेर गेलंय, मिठाच्या दिशेने. भाचीने काटा दोनदा बंद-चालू करून पाहिला, तिचा विश्वास बसेना. शाळेच्या पुस्तकात याला परासरण म्हणतात आणि व्याख्येचे दोन गुण असतात.

आता आतड्याकडे येऊ. मोठा माणूस दिवसाला साधारण दोन लिटर द्रव पितो. पण त्याच्या लहान आतड्यात उतरतात जवळजवळ नऊ लिटर. वरचे सात आपलेच असतात: लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचे स्वतःचे स्राव. या नऊ लिटरपैकी विष्ठेवाटे बाहेर जातं जेमतेम 100 ते 200 मिलिलिटर. बाकी सगळं आतड्याच्या भिंतीतून परत रक्तात. निळी नळी इथेच खोटी ठरते. पाणी रक्तात शिरतं, अंगभर फिरतं, आणि नको असलेलं मूत्रपिंडं रक्तातून गाळून काढतात. पोटाचा आणि मूत्राशयाचा थेट संबंधच नाही.

(जेवताना पाणी प्यायलं की पाचकरस पातळ होतात, असं सांगणाऱ्यांनी हे सात लिटर लक्षात घ्यावेत. पचन मुळात पाण्यातच चालतं. तुमच्या एका पेल्याने त्यात काही बिघडत नाही.)

आता अडचण अशी. रिकाम्या पोटी प्यायलेलं साधं पाणी रक्तापेक्षा पातळ असतं, त्यामुळे ते बऱ्यापैकी आपणहून आत जातं. पण आतड्यातला बराचसा द्रव आपल्याच रसांचा, म्हणजे रक्ताइतकाच दाट. भिंतीच्या दोन्ही बाजू सारख्या असल्या तर परासरणाला काही कारणच उरत नाही. मग हे लिटरच्या लिटर परत जातात कसे?

इथून पुढचा भाग मला फार आवडतो, त्यामुळे थोडं लांबेल.

आतड्याच्या भिंतीतल्या पेशीला दोन बाजू असतात: एक अन्नाकडची, एक रक्ताकडची. रक्ताकडच्या बाजूला एक पंप अहोरात्र चालू असतो. तो दर फेरीला मिठातल्या सोडियमचे तीन आयन (विद्युतभारित कण) पेशीबाहेर टाकतो, दोन पोटॅशियम आयन आत घेतो आणि त्यासाठी एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च करतो. हा पंप 1957 साली येन्स स्कू या डॅनिश शास्त्रज्ञाने खेकड्याच्या मज्जातंतूंमध्ये शोधला. नोबेल मिळालं 1997 साली, चाळीस वर्षांनी. या उपशामुळे पेशीच्या आत सोडियमचा कायम तुटवडा असतो. बाहेर दर लिटरला 140 मिलिमोलच्या (मिलिमोल म्हणजे कणांची संख्या मोजायचं एकक) आसपास, आत त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या घरात. म्हणजे बाहेरचा सोडियम आत घुसायला टपलेला असतो, त्याला फक्त दार हवं.

अन्नाकडच्या बाजूला दार आहे, पण ते विचित्र आहे. दोन सोडियम आणि एक ग्लुकोज असे तिघे एकत्र आले तरच ते नीट फिरतं. नुसता सोडियम आला, ताटकळत राहतो. नुसतं ग्लुकोज आलं, तेही ताटकळतं. विहिरीवरच्या रहाटाला एका टोकाला जड दगड बांधला आणि तो खाली जाताना दुसऱ्या टोकाची बादली वर आली, तसं हे आहे. सोडियम उतारावरून आत घसरतो आणि त्याच्या जोरावर ग्लुकोज चढ चढून आत येतं. आत आलेल्या सोडियमला पलीकडचा पंप लगेच रक्ताच्या बाजूला, पेशींमधल्या अरुंद फटींत फेकतो. तिथे खारटपणा किंचित वाढतो. आणि मग बटाट्याच्या चकतीत झालं तेच होतं: पाणी मिठाच्या दिशेने जातं.

साखर मिठाला आत नेते, मीठ पाण्याला. साखर आणि सोडियमची ही जोडगोळी रॉबर्ट क्रेन या अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञाने 1960 साली प्राग इथल्या एका परिषदेत मांडली. त्या दाराचं नाव एसजीएलटी-1, आणि त्याचं जनुक अर्नेस्ट राइट यांच्या प्रयोगशाळेत 1987 साली हाती आलं. पाणी स्वतः त्याच दारातून जातं की शेजारच्या वाटेने, यावर पुढे बराच वाद झाला. एका गटाने तर मोजून सांगितलं की दर फेरीला अडीचशेच्या आसपास पाण्याचे रेणू सोबत सरकतात.

हे सगळं कामाला आलं कॉलऱ्यात. कॉलऱ्याचं विष आतड्याच्या पेशींत शिरतं आणि क्लोराइडच्या, म्हणजे मिठातल्या दुसऱ्या घटकाच्या, वाटा सताड उघड्या ठेवतं. क्लोराइड आतड्याच्या पोकळीत ओतला जातो, मागोमाग सोडियम, त्यांच्या मागे पाणी. रोग्याच्या अंगातून दिवसाला दहा लिटरही वाहून जाऊ शकतात. गंमत म्हणजे साखर-सोडियमच्या दाराला हे विष हात लावत नाही. घरात चोर शिरलेत, सगळी दारं मोडलीत, पण मागचं एक दार शाबूत आहे.

1971 साली बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या काळात सीमेलगतच्या बनगाव इथे निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांची पुडकी बांधून घेतली, पिंपांत पाणी कालवलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच पेले भरून पाजायला सांगितलं. आधी 30 टक्क्यांच्या आसपास असलेला मृत्यूदर त्यांच्या तंबूत 3.6 टक्क्यांवर आला. हाताशी ना पुरेशा सुया होत्या, ना पुरेशा परिचारिका. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने 1978 साली या शोधाला शतकातली कदाचित सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती म्हटलं. महालनोबिस 2022 साली गेले; पद्मविभूषण त्यांना पुढच्या वर्षी मरणोत्तर मिळालं.

आज मिळणाऱ्या जलसंजीवनीच्या (ओआरएसच्या) पुडीत एका लिटरसाठी मीठ 2.6 ग्रॅम, ग्लुकोज 13.5 ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड 1.5 ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट 2.9 ग्रॅम असतं. मोठ्या वर्गातल्या मुलांना याचा हिशोब करायला द्यावा. मिलिमोलमध्ये सोडियम 75, क्लोराइड 65, ग्लुकोज 75, पोटॅशियम 20, सायट्रेट 10. बेरीज 245. रक्ताचा हाच आकडा 285 ते 295. म्हणजे द्रावण रक्तापेक्षा मुद्दाम जरा पातळ ठेवलंय, पाण्याचा ओढा आतल्या दिशेने राहावा म्हणून. पूर्वीच्या पुडीची बेरीज 311 होती. ती 2002 साली बदलली. पुडी नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. इथला चमचा चहाचा, आणि मिठाचा अंदाज चुकवायचा नाही. जास्त मीठ लहान मुलाला घातक ठरतं.

आता याच फूटपट्टीने बाटलीतलं गोड पेय मोजा. त्यात लिटरला शंभर ग्रॅमहून जास्त साखर, जलसंजीवनीच्या सात-आठ पट. सोडियम नावापुरता. त्याची बेरीज रक्ताच्या दुपटीपुढे जाते, त्यामुळे पाणी उलट रक्तातून आतड्यात येतं. जुलाब होणाऱ्या मुलाला ‘निदान हे तरी पितोय’ म्हणून असलं पेय पाजणं म्हणजे बटाट्याची दुसरी चकती.

आणि ते अल्कलाइन पाणी. ते शरीरातलं आम्ल घालवतं म्हणे. जठरातल्या रसाचा सामू (पीएच, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) दीड ते साडेतीन असतो. तिथे पोचताच त्या महागड्या पाण्याचं अल्कलाइनपण संपतं. रक्ताचा सामू 7.35 ते 7.45 मध्ये ठेवायचं काम फुप्फुसं आणि मूत्रपिंडं करतात. पाण्याशी चांगलं बोललं की त्याचे स्फटिक सुंदर होतात, ही थाप तर मी शाळेच्या फळ्यावर लिहिलेलीही पाहिलीय, विज्ञानाच्या वर्गात.

हसऱ्या ग्लासाचं काय? आठ ग्लासांचं मूळ बहुधा 1945 सालच्या एका अमेरिकी शिफारशीत आहे. मोठ्यांना दिवसाला अडीच लिटर पाणी पुरे, असं तिथे म्हटलं होतं, आणि लगेच पुढे असंही वाक्य होतं की यातलं बहुतेक अन्नातूनच मिळतं. ते पुढचं वाक्य कुठेतरी गळालं. हाइन्झ व्हाल्टिन या मूत्रपिंडतज्ज्ञाने 2002 साली आठ ग्लासांसाठी पुरावा शोधून पाहिला, त्यांना सापडला नाही. रक्त एक-दोन टक्क्यांनी दाट झालं तरी मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला कळतं आणि तहान लागते. खेळात गुंग झालेलं मूल तहान विसरतं, त्याला आठवण करावीच लागते. उन्हात आणि तापात जास्तच. पण ग्लास मोजायची गरज नाही. सहा महिन्यांपर्यंतच्या, फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाला तर वरचं पाणी अजिबात लागत नाही.

पाणी स्वच्छ आहे की नाही, हे ‘दिसण्यावरून’ ठरवायला मुलं शिकतात, तेही मोडायला हवं. बटाट्याच्या प्रयोगातली दोन भांडी शेजारी ठेवून विचारा, मीठ कशात आहे? दिसत नाही. जंतूही तसेच. पाणी खळखळून उकळलं की जंतू मरतात, पण फ्लोराइड किंवा आर्सेनिक तिथेच राहतं, उलट पाणी आटल्याने थोडं दाटच होतं.

बाकी चौकटींचीही हीच कथा. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं स्निग्ध पदार्थांच्या सोबतीने शोषली जातात. वनस्पतींमधलं लोह क जीवनसत्त्वाबरोबर आलं तर जास्त पदरात पडतं. फ्रेडरिक हॉपकिन्स यांनी 1912 साली उंदरांना तक्त्याबरहुकूम आहार दिला होता: शुद्ध प्रथिन, कर्बोदकं, चरबी, क्षार, पाणी. उंदरांची वाढ थांबली. रोज दोन-तीन मिलिलिटर दूध दिल्यावर ती पुन्हा सुरू झाली. तेव्हाच्या तक्त्यात जीवनसत्त्वांची चौकट नव्हती.

भाचीने निळी नळी खोडली. कागद तिथे थोडा फाटला, म्हणून त्यावर एक मूत्रपिंड चिकटवलं आणि त्याला लाल रेघ जोडली. मग थांबून म्हणाली, “पाणी रक्तातून येतं तर शू लाल का नाही? पिवळी का?”

तांबड्या पेशी जुन्या झाल्या की त्यांच्यातल्या रंगद्रव्याचं बिलिरुबिन होतं, त्याचं आतड्यातले जिवाणू आणखी काहीतरी करतात, आणि शेवटी युरोबिलिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं. जिवाणूंचं हे काम करणारं विकर (एन्झाइम) नेमकं कोणतं, हे 2024 साली समजलं. इतकं सगळं मी तिला सांगितलं नाही. ती तेव्हा बाजूच्या चौकटींना एकमेकींशी जोडणाऱ्या रेघा मारत होती आणि तक्ता दुसऱ्या दिवशी द्यायचा होता.