बुलिमियाची सुरुवात उपाशी राहण्यातून होते

वरच्या पुढच्या दातांची मागची, टाळूकडची बाजू आपली आपल्याला दिसत नाही. दंतवैद्य छोटा आरसा तिरका धरून ती पाहतो, आणि कधी कधी तिथले दात झिजून पातळ, काचेसारखे गुळगुळीत झालेले दिसतात. दाढेत पूर्वी भरलेली चांदी वर आलेली दिसते. खरं तर चांदी जागच्या जागीच असते, तिच्या भोवतीचं दाताचं कवच जठरातल्या आम्लाने विरघळून खाली गेलेलं असतं. बुलिमिया म्हणजे आवर न घालता खूप खायचं आणि मग उलटी वगैरे करून ते भरून काढायचं, असा आजार. घरात कुणालाच पत्ता नसलेला हा आजार अनेकदा असा, दातांच्या डॉक्टरांकडे उघडा पडतो.

वजनावरून तो ओळखू येत नाही. अॅनोरेक्सियात खाणं टाळून माणूस वाळत जातो, ते घरच्यांना दिसतं. बुलिमियात वजन बहुतेक वेळा नेहमीएवढं किंवा थोडं जास्तच असतं. लंडनचे मनोविकारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी १९७९ साली ३० रुग्णांच्या अभ्यासातून या आजाराचं वेगळेपण मांडलं. नावातल्या ग्रीक शब्दाचा अर्थ बैलाची भूक. घशात बोटं घालून उलटी काढताना बोटांच्या सांध्यांवर पडणारे घट्टे तेव्हापासून रसेल यांच्याच नावाने ओळखले जातात. मुलींमध्ये हा आजार जास्त दिसतो, पण मुलगेही सुटत नाहीत.

लग्नाच्या पंगतीत चार जिलब्या जास्त झाल्या म्हणजे बुलिमिया नव्हे. थोड्या वेळात इतरांपेक्षा खूप जास्त खाणं, आणि खाताना हात थांबवताच न येणं, ही पहिली खूण. मग ते भरून काढायला उलटी, जुलाबाची औषधं, कडक उपास किंवा अतोनात व्यायाम. हे दोन्ही आठवड्यातून सरासरी एकदा तरी, तीन महिने चालू असेल आणि स्वतःची किंमत वजनकाट्यावरच ठरत असेल, तर निदान होतं.

लोक याला हावरटपणा समजतात, आणि इथेच मोठी चूक होते. बहुतेकींची सुरुवात डाएटने होते. सकाळी नुसता चहा, दुपारी काकडीची कोशिंबीर, भात आणि गोड बंद. संध्याकाळपर्यंत शरीर अन्नासाठी हटून बसतं. एक बिस्कीट तोंडात जातं, नियम मोडतो, आणि ‘आता मोडलाच आहे तर’ म्हणत अख्खा डबा रिकामा होतो. मग लाज, मग उलटी, आणि उद्यासाठी आणखी कडक नियम. आपल्याकडे उपासाला मान असल्यामुळे हे उपाशी राहणं श्रद्धेच्या पदराखाली सहज झाकलं जातं.

आणि इतकं करून शरीराच्या हाती काहीच लागत नाही. जुलाबाची औषधं काम करतात मुख्यतः मोठ्या आतड्यात. अन्नाचा बराचसा अंश त्याआधीच लहान आतड्यात शोषलेला असतो. काट्यावर घटतं ते पाणी. हे प्रकार थांबवले की शरीर काही दिवस पाणी धरून ठेवतं, पाय सुजतात, वजन वाढलेलं दिसतं. याच टप्प्यावर घाबरून पुष्कळजण पुन्हा सुरू करतात. ही सूज चरबीची नसते, ती उतरते, हे आधीच सांगून ठेवावं लागतं. कानाखालच्या लाळग्रंथी फुगून चेहरा गालगुंड झाल्यासारखा दिसतो, तेही हळूहळू ओसरतं.

खरा धोका रक्तातला पोटॅशियम हा क्षार कमी होण्याचा. रक्तात ते साधारण ३.५ ते ५ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर असायला हवं. उलट्या-जुलाबांनी ते घसरलं की पेटके येतात, गळून गेल्यासारखं होतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. धडधड, भोवळ किंवा उलटीत रक्त दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. उलटीनंतर लगेच ब्रश करू नये. मऊ झालेलं कवच त्याने खरवडलं जातं. साध्या पाण्याने, जमल्यास चिमूटभर खायचा सोडा घातलेल्या पाण्याने चूळ भरावी.

ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी घडवलेली वर्तनोपचाराची पद्धत साधारण २० आठवड्यांत २० बैठकांची असते, आणि ती सुरू होते खाण्यापासूनच! आठला पोहे, अकराला केळं, दीडला पोळी-भाजी-वरण-भात, पाचला चहाबरोबर उपमा, साडेआठला जेवण. चार तासांपेक्षा जास्त वेळ पोट रिकामं ठेवायचं नाही. आदल्या रात्री कितीही खाल्लं असलं तरी सकाळचे पोहे चुकवायचे नाहीत. सगळ्यात अवघड हेच वाटतं, आणि चक्र तुटतं ते इथेच. सोबत एक वही: किती वाजता, काय, कुठे खाल्लं, तेव्हा मनात काय होतं. लिहायचं त्याच वेळी, कॅलरी न मोजता. वजन आठवड्यातून एकदाच.

औषधांत फ्लुओक्सेटिनचा उपयोग होतो; नैराश्यात सहसा २० मिलिग्रॅमपासून सुरू होणारं हे औषध इथे ६० पर्यंत लागतं, त्यामुळे ते मनोविकारतज्ज्ञांनीच ठरवायचं. ब्युप्रोपिऑन हे नैराश्यावरचं दुसरं औषध मात्र टाळतात, कारण या आजारात त्याने आकडी येण्याचा धोका वाढतो.

घरच्यांनी मोरीच्या दाराशी पहारा देऊ नये आणि ‘जाड झालीस’, ‘बारीक झालीस’ दोन्ही बंद करावं. ताटावर शेजारी बसावं, जेवणानंतर तासभर सोबत असावं. कुठे जायचं कळत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र मोफत चालतो. आणि डॉक्टरांकडे ‘अशक्तपणा आहे’ एवढंच सांगून थांबू नये. उलट्या होतात नव्हे, काढल्या जातात, किती वेळा, जुलाबाच्या किती गोळ्या, हे स्पष्ट सांगावं. तरच पोटॅशियम आणि ईसीजी त्याच दिवशी तपासले जातील.