कवचयुक्त खाद्य जलचरांतील ॲमिनो आम्ले

तिसऱ्या, कालवे, शिनाणे, खुबे हे मृदुकाय प्राणी आणि कोळंबी, कुर्ल्या, शेवंड, जवळा हे कवचधारी प्राणी यांच्या मांसात ॲमिनो आम्ले दोन रूपांत असतात. बहुतांश आम्ले प्रथिनांच्या साखळीत बांधलेली असतात. उरलेली पेशींतील पाण्यात मोकळी विरघळलेली असतात. पोषणाचा विचार मुख्यतः बांधलेल्या आम्लांचा असतो. चव, टिकाऊपणा आणि प्रयोगशाळेत होणाऱ्या चुका यांचा उलगडा मात्र मोकळ्या आम्लांकडे पाहिल्यावरच होतो.

मोकळी आम्ले या प्राण्यांत भरपूर असण्याचे कारण समुद्राचे पाणी आहे. त्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. बांगडा, सुरमई असे मासे आपले रक्त समुद्रापेक्षा बरेच कमी खारट राखतात आणि जादा मीठ बाहेर टाकतात. शिंपल्यांना हे जमत नाही. त्यांच्या शरीरातील द्रव बाहेरच्या पाण्याइतकाच खारट असतो. पेशीत तेवढे मीठ भरले तर विकरे (एन्झाइम) बिघडतील, म्हणून पेशी क्षारांऐवजी ग्लायसीन, ॲलनीन, प्रोलीन, टॉरीन, बीटेन असे निरुपद्रवी रेणू साठवून बाहेरच्या खाऱ्या पाण्याच्या परासरण दाबाशी (पेशीतील पाणी ओढून घेणाऱ्या जोराशी) बरोबरी साधतात. यातील टॉरीन हे सल्फॉनिक आम्ल असून ते प्रथिनांच्या साखळीत कधीच जात नाही, आणि बीटेन हे रचनेने ग्लायसीनशी जवळचे संयुग आहे. तरी दोन्ही याच कामाला येतात.

पाण्याचा खारटपणा उतरला की पेशी ही आम्ले बाहेर सोडतात किंवा जाळून टाकतात. त्यामुळे पावसाळ्यात खाडीचे पाणी गोडे झाले की तिथल्या शिंपल्यांत मोकळी आम्ले घटतात. कमी खारट तळ्यात वाढवलेली कोळंबी समुद्रातल्या कोळंबीहून सपक लागते ती याचमुळे. तीच कोळंबी काढण्यापूर्वी काही दिवस अधिक खाऱ्या पाण्यात ठेवली तर गोडी वाढते.

ग्लायसीन, ॲलनीन आणि प्रोलीन ही चवीला गोड असतात. ग्लायसीनची गोडी जाणवण्यासाठी 100 मिलीलिटर पाण्यात सुमारे 130 मिलीग्रॅम ग्लायसीन लागते. चांगल्या सागरी कोळंबीच्या आणि शेवंडीच्या 100 ग्रॅम मांसात ते एक ग्रॅमच्या आसपास असू शकते. ग्लुटामिक आम्ल रुचकरपणा देते. किकुनाए इकेदा यांनी 1908 साली ते समुद्री शेवाळाच्या काढ्यातून वेगळे करून या चवीला ‘उमामी’ हे नाव दिले. नुसते आर्जिनीन कडवट असते, पण कुर्लीच्या रसात ते चवीला भरीवपणा आणते. जपानी संशोधकांनी खेकड्याच्या अर्कासारखे कृत्रिम मिश्रण करून त्यातील एकेक घटक वगळून पाहिला. ग्लायसीन, ग्लुटामिक आम्ल, आर्जिनीन, काही न्यूक्लिओटाइडे (डीएनएसारख्या रेणूंचे घटक) आणि सोडियम व क्लोराइड यांच्याशिवाय खेकड्याची ओळखीची चव उभी राहत नाही, असे त्यातून दिसले. म्हणजे मीठसुद्धा या चवीचा घटक आहे; अगदी अळणी शिजवलेल्या कुर्लीची गोडीही लपते.

मोकळी आम्ले पाण्यात सहज विरघळतात. रेती सुटावी म्हणून तिसऱ्या साध्या नळाच्या पाण्यात भिजवणे चुकीचे आहे: त्या तोंड घट्ट मिटतात, रेती आतच राहते, आणि फार वेळ गेला तर मरतात. समुद्रावरच्या शिंपल्यांसाठी लिटरला 30 ते 35 ग्रॅम, खाडीतल्यांसाठी 15 ते 20 ग्रॅम मीठ घालावे. उथळ ताटात, जाळीवर एकच थर ठेवून, अंधारात दोन-तीन तास पुरतात. जाळीमुळे खाली पडलेली रेती पुन्हा आत ओढली जात नाही. खोल बादलीत ढीग केला तर तळच्यांना प्राणवायू कमी पडतो. एकशिपीसाठी (मांस एका शिंपीतच ठेवून केलेल्या कालवणासाठी) विळीवर उघडताना गळणारे किंवा वाफवताना सुटणारे पाणी पातळ फडक्यातून गाळून कालवणातच घालावे, कारण ग्लायसीन आणि टॉरीनचा मोठा वाटा त्यात उतरलेला असतो. हे पाणी आधीच खारट असते. मीठ शेवटी चाखून घालावे.

पोषणाच्या दृष्टीने लायसीन महत्त्वाचे. तांदळाच्या 100 ग्रॅम प्रथिनांत ते साधारण 3.5 ते 4 ग्रॅम असते, तर प्रौढ माणसाच्या गरजेचा मापदंड 4.5 ग्रॅम आहे. शिंपल्या-कोळंबीच्या प्रथिनांत ते 7 ते 8 ग्रॅम भरते. भाताबरोबर तिसऱ्यांचे सुके वाढले की ही उणीव थोड्या मांसानेही भरून निघते. सोडे आणि जवळा जास्त उन्हात किंवा दमट जागी राहून तपकिरी पडतात, तेव्हा लायसीनचा काही भाग मेलार्ड अभिक्रियेत (शर्करेशी संयोग होऊन तपकिरी रंग आणणाऱ्या क्रियेत) अडकतो आणि शरीराला मिळत नाही.

मोजमापात सर्वांत जास्त फसवणूक नायट्रोजनच्या आकड्याने होते. एकूण नायट्रोजनला 6.25 ने गुणून प्रथिने काढण्याची रीत प्रथिनात 16 टक्के नायट्रोजन असतो असे धरते. पण मोकळ्या आर्जिनीनमध्ये तो 32 टक्के असतो, आणि कवचासकट खाल्ल्या जाणाऱ्या जवळ्यात कायटिन या कवचातील पदार्थाचा नायट्रोजनही हिशेबात येतो. आकडा त्यामुळे फुगतो. ॲमिनो आम्ले प्रत्यक्ष मोजून केलेली बेरीजच विश्वासाची. त्यासाठी नमुना 6 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात 110 अंश सेल्सिअसला 24 तास ठेवतात; या जलविच्छेदनाने प्रथिने सुट्या आम्लांत तुटतात. यात ट्रिप्टोफॅन नष्ट होते, म्हणून ते अल्कलीने वेगळे काढावे लागते. सिस्टीन व मेथिओनीन टिकवण्यासाठी आधी परफॉर्मिक आम्लाने ऑक्सिडीकरण करतात. मोकळी आम्ले मोजायची असतील तर जलविच्छेदन करायचेच नसते; ट्रायक्लोरोॲसिटिक आम्लाने प्रथिने खाली बसवून वरचा द्रव घेतात. निनहायड्रिन या रंग आणणाऱ्या रसायनाने इतर आम्ले जांभळी होतात, पण प्रोलीन पिवळे होते. ते 440 नॅनोमीटरला वाचले नाही तर हिशेबातून सुटते.

साठवणीत टायरोसीन आधी दगा देते. कोळंबीच्या डोक्यातील विकर हवेच्या साहाय्याने त्यापासून मेलॅनिन बनवते आणि कवचावर काळे डाग पडतात. हे डाग म्हणजे सडणे नव्हे, पण भाव पडतो. बर्फाने ही क्रिया मंदावते, थांबत नाही. पकडल्याबरोबर डोके काढणे किंवा 1.25 टक्के सोडियम मेटाबायसल्फाइटच्या द्रावणात सुमारे एक मिनिट बुडवणे हे उपाय आहेत. दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइट बाधते, त्यामुळे ते वापरल्याचे सांगणे आवश्यक ठरते. खरे सडणे सुरू झाले की जिवाणू ट्रिप्टोफॅनपासून इंडोल तयार करतात. कोळंबीच्या तपासणीत इंडोल मोजतात ते त्यासाठी.

डोमोइक आम्ल हे स्वतःच एक विषारी ॲमिनो आम्ल आहे. स्यूडो-निट्झिया वंशातील काही डायटम (सूक्ष्म शैवाले) ते बनवतात आणि शिंपले ते गाळून साठवतात. रचनेने ग्लुटामिक आम्लासारखे असल्याने ते मेंदूत ग्लुटामेट (ग्लुटामिक आम्लाचे रूप) टिपणाऱ्या ग्राही रेणूंना (रिसेप्टरना) अतिउत्तेजित करते. 1987 साली कॅनडातील प्रिन्स एडवर्ड बेटाच्या शिंपल्यांमुळे शंभराहून अधिक लोक आजारी पडले, काहींची स्मृती कायमची गेली आणि मृत्यूही झाले. शिजवण्याने हे विष नष्ट होत नाही. उकळताना त्याचा काही भाग पाण्यात उतरतो, आणि तेच पाणी कालवणात जाते. किलोमागे 20 मिलीग्रॅम ही अनेक देशांत मान्य मर्यादा आहे. ती ओलांडली की त्या पट्ट्यातील काढणी बंद ठेवतात.