इम्बर : गाव उठलं, चर्च राहिलं

इंग्लंडच्या विल्टशर परगण्यात सॉल्सबरी प्लेन नावाचा उघडा, चुनखडीचा माळ आहे. त्या माळाच्या मधोमध इम्बर. १९४३च्या हिवाळ्यात लष्करानं हे गाव रिकामं केलं, एवढीच गोष्ट सहसा सांगितली जाते. पण गाव हातातून गेलं होतं त्याच्या कितीतरी आधी.

१८९७च्या सुमारास युद्ध खात्यानं सरावासाठी या माळावरची जमीन घ्यायला सुरुवात केली. शेतीला वाईट दिवस आले होते आणि भाव बरा मिळत होता; एकेक मळा विकला गेला. दुसरं महायुद्ध सुरू होईपर्यंत गावातली जवळजवळ सगळी घरं लष्कराच्या मालकीची झाली होती आणि गावकरी आपल्याच गावात कुळं म्हणून राहत होते. त्यामुळे १ नोव्हेंबर १९४३ला शाळेत बोलावून ४७ दिवसांत घरं सोडायला सांगितलं, तेव्हा भांडायला हातात कागदच नव्हता. फ्रान्सवरच्या चढाईआधी अमेरिकन सैनिकांना गल्लीबोळांतल्या लढाईचा सराव हवा होता. सुमारे दीडशे माणसं नाताळाच्या तोंडावर बाहेर पडली. युद्ध संपलं की परत यायचं, असंच बहुतेकांनी धरलं होतं.

परत कुणालाच येऊ दिलं नाही. जानेवारी १९६१मध्ये दोन हजारांवर लोक मोर्चानं गावात शिरले, पुढे चौकशीही झाली. निकाल लष्कराच्याच बाजूनं लागला.

विकलं गेलं नव्हतं ते सेंट जाइल्सचं चर्च. तेराव्या शतकातलं हे देऊळ (हो, गावाच्या लेखी ते देऊळच) धर्मप्रांताकडेच राहिलं. आतल्या दोन सरदारांच्या दगडी मूर्ती एडिंग्टनच्या चर्चमध्ये हलवल्या. मनोऱ्यातल्या भिंतीवर मात्र सतराव्या शतकात रंगवलेला घंटानादाचा क्रम अजून वाचता येतो: कोणती घंटा कोणत्या घंटेमागून वाजवायची. वाजवणाऱ्यांचं गाव उरलं नाही, सूचना तेवढ्या उरल्या. चर्चभोवती तारेचं कुंपण आहे. पलीकडे सरावासाठी बांधलेली, खिडक्यांना तावदानं नसलेली घरं.

२००५पासून इमारत जुनी चर्च सांभाळणाऱ्या एका न्यासाकडे आहे. वर्षातले मोजके दिवस रस्ता खुला होतो. सप्टेंबरच्या सुरुवातीला, सेंट जाइल्सच्या सणाच्या आसपास, इथे प्रार्थना होते. २००९पासून ऑगस्टमधल्या एका दिवशी वॉर्मिन्स्टरहून लंडनच्या जुन्या लाल बसगाड्याही येतात. मूळचे काही गावकरी मात्र एकाच कामासाठी कायमचे परतले: चर्चच्या आवारातल्या दफनभूमीत.